दम कुठं घ्यायचा

आमचं अनियतकालिक पुस्तकांच्या दुकानात कधीच मिळालं नाही. नायगावच्या बीडीडी चाळींत ते निघायचं, तिथंच दोन इमारतींमधल्या मोकळ्या जागेत मोठ्यानं वाचलं जायचं, आणि ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर चादर अंथरून विकलं जायचं. एका बाजूला भीमगीतांच्या पुस्तिकावाला, दुसऱ्या बाजूला बाबासाहेबांच्या तसबिरी, मध्ये आम्ही. फुलस्केप कागद, सायक्लोस्टाइलची काळी शाई, डाव्या कडेला दोन पिना. पहिल्या पानावर ‘खाजगी वितरणासाठी’ अशी ओळ. अंकाचं नाव मी इथं देत नाही. त्यात लिहिणाऱ्यांपैकी काहींनी पुढं सरकारी नोकऱ्या केल्या, काहींनी लिहिणं सोडलं. त्या कवितांशी आपलं नाव पुन्हा जोडलं जावं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मी त्या अंकाची टाइपिस्ट होते. मुंबईतल्या लघु अनियतकालिकांवर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. पन्नाशीच्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी काढलेलं ‘शब्द’, मग अशोक शहाण्यांचं ‘असो’, राजा ढाल्यांचं ‘येरू’, सतीश काळसेकर आणि तुळशी परब यांच्या काळातलं ‘फक्त’. आमच्या हाती यातले काही अंक आले ते सातव्या-आठव्या वाचकाच्या हातून, कोपरे दुमडलेले, कुणाच्या तरी चहाचे डाग पडलेले. त्या चळवळीच्या इतिहासात संपादक आहेत, कवी आहेत, त्यांची भांडणंही आहेत. स्टेन्सिल कापणारे, मशीनचा दांडा फिरवणारे आणि ऐकायला बसणारे मात्र फारसे दिसत नाहीत. आमच्या अंकापुरतं मी खात्रीनं सांगू शकते की त्यातल्या बऱ्याच कविता निम्म्या त्यांनी घडवल्या. ते कसं, तेच लिहिते आहे.

१९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला आणि पुढच्या काही वर्षांत सरकारी कचेऱ्यांतून मराठी टाइपरायटर दिसू लागले. मराठी टाइपिस्टच्या जागा निघू लागल्या. आमच्या चाळीतल्या मॅट्रिक झालेल्या मुलींना शिक्षिकेच्या आणि नर्सच्या जोडीला तिसरी वाट मिळाली. ‘मराठी तीस, इंग्रजी चाळीस’ एवढं सर्टिफिकेट हातात पडलं की अर्ज करता यायचा. वडील मिलमध्ये स्पिनिंग खात्यात होते. त्यांनी फीचे पैसे काढून दिले आणि परळच्या एका टायपिंग क्लासमध्ये माझं नाव घातलं. परीक्षा पास झाल्यावर क्लासच्या मालकांनी मला नवीन मुलींना शिकवायला ठेवून घेतलं. संध्याकाळची शेवटची बॅच सुटल्यावर तासभर मशीन वापरायची मुभा होती. कविता टाइप झाल्या त्या त्याच तासाभरात.

स्टेन्सिल कापणं आणि कागदावर टाइप करणं यात फार फरक आहे. आधी ब्रशनं खिळे साफ करायचे, कारण मेण बसून अक्षरांची पोटं भरलेली असतात. मग रिबन बाजूला करायची, म्हणजे खिळा थेट मेणकागदावर पडतो. हात हलका पडला तर अक्षर उठत नाही. जोरात पडला तर अनुस्वाराचा टिकलीएवढा तुकडाच गळून पडतो आणि छापताना तिथं शाईचा ठिपका येतो. रेमिंग्टनच्या मराठी कीबोर्डवर ख, ध, भ, श अशी कितीतरी अक्षरं दोन ठोक्यांनी पुरी होतात, आधी अर्धं अक्षर आणि मग काना. ‘भाकर’ म्हणायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा लिहायला जास्त. चूक झाली तर लाल द्रव लावायचा, फुंकर घालून वाळू द्यायचा, पुन्हा ठोका मारायचा, आणि तरी ती जागा छापून थोडी फुगीरच येते. त्यामुळे स्टेन्सिल लावण्याआधी कविता पाठ असल्यासारखी डोक्यात बसलेली लागे. मी ती ओठांत पुटपुटत टाइप करायची. कवितेशी माझी ओळख अशी बोटांतून आणि ओठांतून झाली. शाळेत पाठ्यपुस्तकातल्या कविता होत्या, पण त्या परीक्षेसाठी होत्या.

कवी तिघं-चौघं होते. एक पोस्टात सॉर्टर, एक सिद्धार्थ कॉलेजला शिकणारा, एक गोदीत. त्यांनी दिलेले कागद कशावरही लिहिलेले असत. पोस्टाच्या फॉर्मची मागची बाजू, वहीची फाडलेली पानं, एकदा तर मिलच्या सुताच्या कोनाला गुंडाळायचा पुठ्ठा. भाषा आमच्याच चाळीतली होती, नळावरची, गुत्त्यावरची, संडासाच्या रांगेतली. १९७२ साली नामदेव ढसाळांचं ‘गोलपिठा’ आलं तेव्हा बाहेरच्या जगाला त्या भाषेचा धक्का बसला. आम्हाला भाषेचा धक्का बसला नाही. ती छापली जाते, याचा बसला. शिव्या मी रोज ऐकत होते, पण सरकारी परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या क्लासमध्ये बसून एका मुलीनं त्या स्टेन्सिलवर कापायच्या, ही गोष्ट वेगळी होती. मालकांनी एका संध्याकाळी मागून येऊन अर्धं पान वाचलं. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “बाई, ते काम करताना दार लोटून घेत जा.” मी त्यांचे आभार मानले. त्या दिवसापासून भीती गेली आणि मी शब्दांवर नीट बोट ठेवू लागले. जो शब्द कवितेत नुसता जोर दाखवायला आला आहे, तो टाइप करताना बोटांना कळतो. खरा आलेला शब्दही कळतो.

छपाईचं मशीन एका युनियनच्या ऑफिसात होतं. कागद आणि शाई आमची, मशीन त्यांचं, तेही रात्री. एक जण दांडा फिरवायचा, एक जण निघालेला कागद उचलून वाळत घालायचा, कारण दुसऱ्या बाजूला छापायचं तर पहिली बाजू कोरडी हवी. फुलस्केपच्या एका बाजूत जेवढं मावेल तेवढी कविता. एक ओळ जास्त झाली तर आणखी एक स्टेन्सिल, म्हणजे आणखी पैसे. कागदाच्या रीमचा भाव वाढला की कवितेची लांबी कमी व्हायची. मोठ्या प्रकाशनांत लांबीचा निर्णय संपादक घेत असेल, आमच्याकडे तो दुकानदार घेत होता. असं असूनही काही कविता तीन-तीन पानांच्या निघाल्या. त्यासाठी वर्गणी काढली जाई, आणि वर्गणी देणाऱ्यांमध्ये अक्षरओळख नसलेली माणसंही होती. त्यांना त्या कविता ऐकायच्या होत्या.

वाचन शनिवारी रात्री व्हायचं. दुसरी पाळी मध्यरात्री सुटायची, त्या माणसांना सोडून सुरू केलं तर ते रागवायचे, म्हणून उशिरा सुरू व्हायचं आणि कधी कधी पहाटेपर्यंत चालायचं. जिन्याच्या पायऱ्यांवर, ओट्यावर, बाजेवर माणसं. बायका खिडक्यांतून आणि जिन्यात उभ्या. माइक नसायचा. माइक म्हणजे परवानगी, परवानगी म्हणजे चौकी. आवाज जेवढा पोचेल तेवढा.

हे ऐकणारे लोक साधे नव्हते. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांनी तिसाच्या दशकातले आंबेडकरी जलसे पाहिले होते, भीमराव कर्डकांच्या जलशातली वगांची बोलणी त्यांना पाठ होती. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांचा आवाज ऐकला होता. १९४४ साली उभ्या राहिलेल्या लाल बावटा कलापथकाच्या शाहिरांनी गिरणगावाचा कान तयार केला होता. अण्णाभाऊ साठे १९६९ च्या जुलैत गेले आणि ऑगस्टमध्ये अमर शेख अपघातात गेले, तेव्हा आमच्या पॅसेजमध्ये दोन्ही वेळा चुली उशिरा पेटल्या. वामनदादा कर्डकांची गाणी तर प्रत्येक जयंतीला. नारायण सुर्व्यांना त्यांच्या तोंडून कविता म्हणताना ऐकलेले लोक घराघरात होते. अशा माणसांसमोर आमची पोरं हातात कागद धरून, मान खाली घालून, मुक्तछंदातली कविता वाचायला उभी राहायची.

पहिली काही वाचनं फार वाईट गेली. लोक उठून जात नसत, ते आदरानं बसत, पण त्यांच्या अंगातून काही हलत नसे. अशाच एका रात्री बाजेवर बसलेले एक आजोबा, वय सत्तरीच्या पुढं, जलशात ढोलकी वाजवलेले, मला म्हणाले, “पोरी, लिवलंय चांगलं. पर ह्यो दम कुठं घेतो?” मी म्हटलं, ओळ संपते तिथं. ते म्हणाले, “न्हाय. ओळ तू कागदाच्या मापानं तोडलीस. माणसाच्या छातीचं माप घे.”

ते माझ्याच कामाबद्दल बोलत होते. ओळी कुठं तुटाव्यात हे कवींनी नीट लिहिलेलं नसायचं, त्यांच्या कागदांवर जागा मिळेल तसं ते लिहीत, आणि मी स्टेन्सिलवर माझ्या हिशोबानं तोडत असे. त्यानंतर मी एक पद्धत धरली. कविता हातात आली की कवीला ती मोठ्यानं म्हणायला लावायची. तो जिथं श्वास घेईल तिथं पेन्सिलीनं खूण. मोठा श्वास असेल तिथं ओळ तोडायची, छोटा असेल तिथं मशीनचे तीन स्पेस सोडायचे. आमच्या अंकाच्या पानांत मध्येच दिसणाऱ्या मोकळ्या जागा या अशा आल्या. पुढं एका जाणकारानं एका बैठकीत त्या जागांना आधुनिकतावादी मुद्रणाचा प्रयोग म्हटलं. ते ऐकून मला आनंदच झाला, पण त्या जागा एका ढोलकीवाल्यानं सांगितलेल्या आहेत हे नोंदवलं गेलं पाहिजे, म्हणून इथं नोंदवते.

हळूहळू रीत बसली. कविता आधी वाचनात यायची, तिथं टिकली तर स्टेन्सिलवर जायची. ऐकणारे सांगायचे ते समीक्षेच्या भाषेत नाही. कुणी म्हणे, “परत म्हण.” कुणी म्हणे, “मधलं पुस्तकी झालं.” एखाद्या ओळीवर सगळे गप्प व्हायचे आणि ती गप्पता दोन प्रकारची असायची, एक आत शिरल्याची आणि एक कंटाळ्याची. दोन्हींतला फरक त्या जागी उभं राहिलेल्याला चुकत नाही. मोठ्यानं म्हणता न येणारी कविता वाईट असते, असं मी म्हणत नाही. कोलटकरांच्या कितीतरी कविता मी एकटीनं, मनात वाचूनच जवळ केल्या, आणि त्या शहाण्यांच्या प्रास प्रकाशनानं ज्या मायेनं छापल्या त्या पानांकडे नुसतं पाहतही बसले आहे. पण आमचा अंक ज्यांच्या पैशावर निघत होता त्यांना तो कानांनीच वाचायचा होता, आणि त्यांचा तो हक्क होता.

१९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली. दलित पँथरच्या सभेनंतरची ती दंगल, तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी पुन्हा लिहीत नाही. आमच्याकडे रात्री मोकळ्यावर जमणं बंद झालं. वाचन इमारतीच्या आत आलं. बीडीडी चाळीत मधोमध लांब पॅसेज आणि दुतर्फा खोल्या असतात, एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्या पॅसेजमध्ये दिवा मिणमिणता, आवाज भिंतींना आपटून परत येणारा. मोकळ्यावर घुमणाऱ्या कविता तिथं नुसता आरडाओरडा वाटू लागल्या. खालच्या आवाजात म्हणायच्या कविता त्या हिवाळ्यात लिहिल्या गेल्या, घरातल्या, आईच्या, खोलीतल्या अडचणीच्या. आणि बायका पहिल्यांदा वाचनाच्या आत आल्या, कारण वाचनच त्यांच्या दारात आलं होतं. भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या बाईनं दारातून सांगितलं, “भाऊ, पीठ असं मळत नाहीत.” कवितेतलं पीठ दुरुस्त झालं.

बायकांच्या कविता मात्र अंकात फार कमी आल्या. त्या काळच्या बहुतेक लघु अनियतकालिकांत हेच दिसेल. बंडाची भाषा होती, पण रात्रीच्या छपाईला, चर्चेला, गुत्त्यावरच्या बैठकीला मुलगी कशी येणार, हा प्रश्न बंड करणाऱ्यांनीही सोडवला नाही. मी टाइप करत होते म्हणून मला अंकात जागा होती, पण ती मशीनपुढची. माझ्या दोन कविता वाचनात म्हटल्या गेल्या, त्याही दुसऱ्याच्या आवाजात. याचं मला आजही वाईट वाटतं. हिरा बनसोडे, ज्योती लांजेवार, मल्लिका अमर शेख यांची पुस्तकं पुढं हाती आली तेव्हा मी ती मोठ्यानं वाचली, घरात, दार उघडं ठेवून.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलं. आमच्यासारख्यांकडे सेन्सॉर यायचं कारण नव्हतं, कारण कागदोपत्री आम्ही अस्तित्वातच नव्हतो. तेव्हाच्या, १८६७ च्या छापखाना कायद्यानं प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव-ठिकाण लागायचं, नियतकालिकाला डिक्लेरेशन लागायचं. ‘अनियतकालिक’ आणि ‘खाजगी वितरणासाठी’ या दोन शब्दांच्या आडोशानं इतकी वर्षं निभलं होतं. आता तो आडोसा पुरणार नव्हता. सायक्लोस्टाइल मशीन म्हणजे भूमिगत पत्रकं, असं समीकरण झालं होतं, आणि ते चूकही नव्हतं. शहरात ज्यांनी आणीबाणीला विरोध केला त्यांची पत्रकं अशाच मशिनींवर निघत होती. युनियनच्या ऑफिसातलं मशीन एका रात्रीत हललं, कुठं ते आम्ही विचारलं नाही. क्लासच्या मालकांनी मला बोलावून हात जोडले. त्यांच्याकडे चाळीस मुली शिकत होत्या. मी त्यांना दोष दिला नाही, आजही देत नाही.

वापरलेली स्टेन्सिल आम्ही वर्तमानपत्रांच्या घडीत जपून ठेवायचो, म्हणजे पुन्हा प्रती काढता येतात. ती उजेडाकडे धरली की सगळा मजकूर वाचता येतो. म्हणून ती जाळली. मेणकागद भडकन पेटतो आणि त्याचा वास कपड्यांतून लवकर जात नाही. हस्तलिखितं कवींनी आपापल्या गावी पाठवली, त्यातली बरीचशी पावसात आणि उंदरांत गेली.

अंक बंद पडला, पण शनिवार बंद पडला नाही. कागद नसताना वाचन कसं करायचं? लोकांनी ते ठरवूनही टाकलं होतं. ज्याला जी कविता पाठ होती ती त्यानं म्हणायची. तेव्हा कळलं की पोस्टातल्या कवीची तीन पानांची कविता, गटारात उतरणाऱ्या मामाची, जवळजवळ सगळ्यांना येते. एक सुरू करायचा, दुसरा पुढं न्यायचा, अडखळला तर दारातली बाई पुरी करायची. वर्ष-दीड वर्ष ती कविता अशी तोंडातोंडी राहिली. कवी स्वतः तेव्हा नगरकडे गावी होता, त्याच्या कानावर यातलं काही गेलं नव्हतं.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली. पुन्हा अंक काढायचा ठरला तेव्हा त्या कवितेची प्रत कुणाकडेच नव्हती. मी पॅसेजमध्ये वही घेऊन बसले आणि लोकांनी म्हटली तशी ती लिहून घेतली. मग कवी आला. त्यानं वही वाचली आणि म्हणाला, “ही माझी नाही.”

खरंच ती बदलली होती. सुरुवातीच्या, अंधाराचं वर्णन करणाऱ्या दहा-बारा ओळी पूर्ण गेल्या होत्या. कुणालाच त्या आठवत नव्हत्या. मामा मॅनहोलमधून खाली उतरल्यावर वरचा जोडीदार त्याला हाक मारतो, “हाय का रं?” आणि खालून ओ येते, हा प्रसंग मूळ कवितेत एकदाच होता. लोकांच्या तोंडी तो तीनदा आला होता. पहिल्या हाकेला ओ, दुसऱ्या हाकेला उशिरा ओ, तिसऱ्या हाकेला काहीच नाही. आणि वाचनात ती ओ म्हणणारा एकटा माणूस नसायचा, सगळा पॅसेज ओ द्यायचा. तिसऱ्या वेळी सगळा पॅसेज गप्प राहायचा. हे कुणी सुचवलं, कधी सुरू झालं, ते कुणालाच सांगता आलं नाही. पण एक चांगला भागही गळला होता. साबणाच्या वडीसाठी रजिस्टरवर अंगठा देतानाचा, मुकादमाच्या तोंडचा कोरडा तपशील. तो म्हणायला चालीचा नव्हता, म्हणून पडला. माझ्या मते कवितेतली सगळ्यात जहरी जागा तीच होती.

त्या रात्री खूप बोलाचाली झाली. कवी म्हणत होता, कविता माझी आहे, मी लिहिली तशी छापा. गटार खात्यातच नवरा गमावलेली एक मावशी तिथं होती. ती म्हणाली, “तुझीच हाय बाबा. पर दीड वरीस तिला आम्ही जेवू घातलंय.” तो खूप वेळ बोलला नाही. मग त्यानं माझ्या हातातून पेन्सिल घेतली, अंगठ्याचा भाग आठवून पुन्हा लिहिला, तिन्ही हाका तशाच ठेवल्या, आणि पहिल्या ओळी परत घातल्या नाहीत. अंकात ती कविता त्याच्या नावानं आली आणि खाली मी एक ओळ टाइप केली, की हा पाठ ऐकणाऱ्यांकडून आला आहे. अंगठ्याच्या भागासाठी मी त्याला तीनदा दम घ्यायला लावला, तेव्हा कुठं तो म्हणता येईल असा झाला. त्या तीन ओळींनंतरची जागा मी पाच स्पेसची सोडली.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरातली माणसं रस्त्यावर आली आणि त्यातली बहुतेक परत आत गेलीच नाहीत. आमच्या शनिवारी बसणाऱ्यांपैकी कितीतरी कोकणात, साताऱ्याला, नगरला गेले. कवी टिकले, काहींची पुस्तकं आली, काहींना पुरस्कार मिळाले. ऐकणारे मात्र पांगले, आणि ऐकणाऱ्यांना पुरस्कार नसतो. अंक दोन-तीन वेळा निघाला आणि थांबला. मी तोवर सरकारी नोकरीत लागले होते, मंत्रालयात नाही, एका छोट्या कार्यालयात, आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा अनुस्वार गळून पडायचं भय गेलं. लाल द्रवाची बाटली मी ठेवली आहे.

आता बीडीडी चाळी पाडून टॉवर होत आहेत. माझ्या भावाची नात आणि तिच्या मैत्रिणी कविता करतात, ओपन माइकला जातात. मी दोनदा गेले. कॅफेत, तिकीट काढून, छान लाइट. मुलींचे आवाज मोकळे आहेत, मान वर असते, कागद लागत नाही. माझ्या काळात एखादी मुलगी अशी उभी राहावी म्हणून आम्ही काय वाटेल ते दिलं असतं. एक गोष्ट मात्र खटकली. प्रत्येक कवितेला सारख्याच टाळ्या. कुणी “परत म्हण” म्हणालं नाही, कुणी “मधलं पुस्तकी झालं” असंही म्हणालं नाही. प्रेमळ माणसं होती, पण त्यांनी कवितेचं काही केलं नाही. मी हे नातीला बोलले. तिला ते पटलं. रागवेल असं मला वाटलं होतं, पण ती म्हणाली, “मग आजी, कुठं वाचू?”

गेल्या वर्षापासून आम्ही पुन्हा पुस्तिका काढतो. एका ए-फोर कागदाची आठ पानं होतील अशी घडी, झेरॉक्स, किंमत दहा रुपये. टाइप मीच करते, मोबाइलवर. त्यात एक त्रास असा की ‘हाय’ लिहिलं की फोन ‘आहे’ करतो, ‘न्हाय’चं ‘नाही’ करतो, म्हणून ती सुधारणा बंद करून ठेवावी लागते. वाचन ट्रान्झिट कॅम्पातल्या एका खोलीत होतं. ऐकायला सोसायटीतली कामवाली एक ताई, एक रिक्षावाले काका, पालिकेच्या सफाई खात्यात कंत्राटावर असलेली दोन मुलं आणि त्यांची आई असतात. मामाची कविता मी त्यांना म्हणून दाखवली. तिसऱ्या हाकेला त्यातला धाकटा मुलगा म्हणाला, आता मोबाइल देतात पण खाली रेंज नसते. नातीनं ते लिहून घेतलं.

यंदाच्या ६ डिसेंबरच्या पुस्तिकेसाठी पाच कविता पक्क्या झाल्या आहेत. सहावी त्या रेंजच्या गोष्टीवरची आहे, नातीची. ती अजून पुस्तिकेत जात नाही, कारण कंत्राटी मुलाच्या आईनं ऐकून सांगितलं की शेवट पोरीनं लवकर केला, अजून पोरगा वर आलेला नाही. येत्या शनिवारी ती पुन्हा म्हणायची ठरली आहे.